सेनाखासखेल समशेर बहाद्दर : देव्हाऱ्यातल्या रुपयावरचा किताब

मांडवीकर (धागाकर्ती)

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक जुना रुपया आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तो दुधापाण्याने धुवायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, हळदकुंकू वाहून पुन्हा लाल कापडात गुंडाळून ठेवायचा. आजीच्या सासूबाईंपासून हे असंच चालत आलंय. इतक्या वर्षांच्या हळदकुंकवाने त्याच्या खाचा पिवळट-लाल झाल्या आहेत. एका बाजूला दोन नागरी अक्षरं, ‘मा’ आणि ‘गा’, आणि खाली एक वाकडी तलवार. दुसऱ्या बाजूला फारसी. आजी आम्हाला सांगायची, बघा, देवीच म्हणते आहे, मागा. आम्ही पोरं डोळे मिटून मनापासून मागायचो.

बडोदं सोडून मला बरीच वर्षं झाली. यंदा दिवाळीला गेले तेव्हा ओळखीतल्या एका फारसी जाणणाऱ्या काकांना तो रुपया दाखवला. त्यांनी भिंग लावून आधी ‘मा गा’चा उलगडा केला : मल्हारराव गायकवाड, बडोद्याचे महाराज. म्हणजे नाणं १८७० ते १८७५ मधलं. मग पाठीमागची फारसी अक्षरं सावकाश लावली : सेनाखासखेल, समशेर बहादूर. आणि म्हणाले, तलवार उगीच काढलेली नाही, ‘समशेर’ म्हणजेच तलवार.

हा किताब आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी ‘श्रीमंत सरकार सेनाखासखेल समशेर बहाद्दर’ एका दमात यायचं. पण हे दोन वेगळे किताब आहेत, वेगवेगळ्या वेळी मिळालेले आहेत, आणि त्यातल्या एकासाठी भाऊ-भाऊ पंचवीस वर्षं भांडले, हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून जमेल तसं वाचतेय. जे कळलं ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

पहिला ‘समशेर बहाद्दर’. १७२० च्या ऑगस्टमध्ये वऱ्हाडात बाळापूरजवळ निजामाची आणि आलमअली खानाची लढाई झाली. खंडेराव दाभाडे सेनापतींच्या हाताखालची मराठी फौज आलमअलीच्या बाजूने होती. आलमअली मारला गेला, लढाई हरली. पण त्या पडत्या दिवशी दमाजी गायकवाड नावाच्या सरदाराने जी तलवार चालवली ती खंडेरावांच्या नजरेत भरली. त्यांनी शाहू महाराजांकडे शिफारस केली आणि दमाजींना हा किताब मिळाला. जिंकलेल्या मोहिमेचं बक्षीस नव्हतं ते, हरलेल्या लढाईत पाय न काढल्याबद्दल होतं. मला ही गोष्ट फार भिडली. दमाजी पुढे वर्षभरातच वारले. गादी म्हणावी असं काही तेव्हा नव्हतंच, होती ती फक्त पथकं आणि दाभाड्यांची चाकरी. ती पुतण्याकडे, पिलाजींकडे आली. सोनगडच्या डोंगरात ठाणं करून गुजरातेत पाय रोवणारे ते हेच पिलाजी.

दुसरा किताब ‘सेनाखासखेल’. तो आला १७३१ मध्ये. १ एप्रिलला डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे समोरासमोर आले. त्रिंबकराव पडले. पिलाजी दाभाड्यांच्या बाजूने लढत होते. ते जखमी होऊन निसटले, त्यांचा एक मुलगा तिथेच गेला. त्यानंतर शाहू महाराजांनी सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात ठेवलं, त्रिंबकरावांचा धाकटा भाऊ यशवंतराव याला वस्त्रं दिली. तो लहान, म्हणून पिलाजींना त्याचे मुतालिक, म्हणजे त्याच्या वतीने कारभार बघणारे, नेमलं आणि जुन्या किताबाच्या जोडीला सेनाखासखेल हा नवा किताब दिला. पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, मारवाडच्या अभयसिंहाच्या माणसांनी बोलणी करायला म्हणून येऊन डाकोरला पिलाजींचा खून केला. त्यांचा मुलगा दुसरा दमाजी. बडोदं कायमचं हाती आलं ते त्याच्या काळात, १७३४ मध्ये.

इथपर्यंत सगळं सरळ दिसतं : बापाकडून मुलाकडे. घोळ पुढे आहे, तो प्रतिसादात लिहिते, नाहीतर धागा फारच लांबेल. मला विचारायचं ते असं. ‘वंशपरंपरागत किताब’ असं आपण सहज म्हणून जातो, पण तो खरंच वारसाहक्काने चालत होता का? मला वाचून जे दिसलं ते वेगळंच आहे. दर पिढीला तो नव्याने मिळवावा लागला, आणि बहुतेक वेळा पैसे मोजून.

बोरूबहाद्दर

ताई, सुंदर धागा. शब्दांपुरती थोडी भर घालतो.

‘खेल’चा आपल्या खेळाशी काही संबंध नाही. मूळ अरबी ‘खैल’ म्हणजे घोडे, त्यावरून फारसीत घोडेस्वारांची तुकडी, जमाव. खासखेल म्हणजे राजाची स्वतःची, खासगीतली तुकडी. सेनाखासखेल म्हणजे तिचा म्होरक्या. आंग्र्यांचं ‘सरखेल’ याच शब्दातून आलं. तुकडीचा प्रमुख तो सरखेल, मग ती तुकडी घोड्यांवर असो वा गलबतांवर.

मात्र एक ध्यानात घ्यायला हवं. पिलाजींच्या वेळेला हा शब्द प्रत्यक्ष कामापासून सुटलेला होता. छत्रपतींची खासगी फौज साताऱ्यात आणि सेनाखासखेल गुजरातेत! उरली होती ती प्रतिष्ठा. सेनापती दाभाडे, सेनासाहेबसुभा नागपूरकर भोसले, सेनाखासखेल गायकवाड. तिघांच्याही नावाआधी ‘सेना’ आहे, पण दरबारात कुणाचं आसन कुठे आणि पत्रात कुणाला काय मायना, हे या फरकावर ठरत असे. जुनी पत्रं वाचताना आम्ही आधी मायना बघतो तो त्यासाठीच. मायन्यातला एखादा शब्द गळला की काहीतरी बिनसलंय हे समजायचं.

तळेगावचा पावसाळा

मी तळेगाव दाभाड्याचा. धाग्यात गायकवाडांचं कौतुक आहे ते रास्तच, पण आमच्या बाजूचंही थोडं ऐका.

खंडेरावांना सेनापतीची वस्त्रं १७१७ मध्ये मिळाली. १७२९ मध्ये ते गेले आणि दोन वर्षांत डभईला थोरला मुलगा गेला. नवरा गेला, मुलगा गेला, दुसरा मुलगा लहान. अशा वेळी सेनापतिपदाचा सगळा भार ज्यांनी उचलला त्या उमाबाई दाभाडे. सनदेवर नाव यशवंतरावांचं, पण हुकूम उमाबाईंचा. पिलाजींच्या खुनानंतर त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. वणीच्या सप्तशृंगीला चढायच्या पायऱ्या त्यांनीच बांधवल्या, हे नाशिककडच्यांना माहीत असेल. १७५३ मध्ये त्या वारल्या. त्यांची समाधी आमच्या गावात बनेश्वराच्या देवळाशी आहे. मी लहानपणी तिथल्या आवारात खेळलो आहे. गावाबाहेरचं कुणी ती बघायला आलं की आजही बरं वाटतं.

मुतालिक म्हणजे मालकाच्या वतीने शिक्का चालवणारा. गायकवाड आधी दाभाड्यांचे मुतालिक होते, हे बडोद्यात फारसं सांगितलं जात नाही. यशवंतरावांच्या हातून कारभार झाला नाही, गुजरातेतला मुलूख हळूहळू मुतालिकाच्या हाती गेला आणि धन्याकडे ‘सेनापती’ हा शब्द तेवढा उरला. गावात दाभाड्यांचं नाव ‘सरसेनापती’ लावूनच घेतात. किताब राहतो आणि मुलूख जातो, याला आमच्या तळेगावाइतकं जवळचं उदाहरण नसेल.

मांडवीकर

तळेगावकर दादा, अगदी मनापासून आभार. बडोद्यात हे फारसं सांगितलं जात नाही हे खरं आहे. मी स्वतः उमाबाईंचं नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा चाळिशीची होते. पुढच्या वेळी पुण्याला आले की समाधीला नक्की जाईन.

आता राहिलेला घोळ.

१७५१ मध्ये दुसरे दमाजी ताराबाईंच्या बाजूने पेशव्यांवर चालून आले आणि कैद झाले. लोहगडावर बसावं लागलं. सुटका १७५२ मध्ये झाली ती अर्धा गुजरात देऊन, थकबाकीचे पंधरा लाख आणि दरसाल सव्वापाच लाख कबूल करून. तेव्हापासून दाभाड्यांचा मधला दुवा संपला, गायकवाड थेट पुण्याशी बांधले गेले. दमाजी पानिपतावर लढून जिवंत परतले आणि १७६८ मध्ये पाटणला वारले.

त्यांचे मुलगे पुष्कळ. सयाजीराव वयाने थोरले, पण धाकट्या राणीचे आणि बुद्धीने मंद. गोविंदराव वयाने धाकटे, पण थोरल्या राणीचे. वडील गेले तेव्हा गोविंदराव पुण्यात नजरकैदेत होते, कारण पेशव्यांविरुद्धच्या धोडपच्या लढाईत गायकवाडांची फौज राघोबादादांच्या बाजूला होती. त्यांनी तिथल्या तिथेच सौदा केला : दंड, थकबाकी, नजर (म्हणजे नजराणा), सगळं मिळून पन्नास लाखांच्या वर. सेनाखासखेल झाले.

१७७१ मध्ये फत्तेसिंगराव पुण्याला आले. हे सयाजीरावांचे भाऊ आणि घरातले सर्वांत हुशार. त्यांनी थोरल्याचा हक्क पुढे केला. प्रश्न रामशास्त्री प्रभुण्यांपुढे गेला आणि शास्त्रीबुवांनी वयाने थोरला तोच वारस असा अभिप्राय दिला. किताब सयाजीरावांकडे, मुतालिकी फत्तेसिंगरावांकडे. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादा आले, त्यांनी तो परत गोविंदरावांना दिला. राघोबादादांचा पक्ष पडला आणि १७७८ मध्ये पुण्याच्या कारभाऱ्यांनी तो फत्तेसिंगरावांच्या स्वतःच्याच नावावर केला. १७८९ च्या डिसेंबरात फत्तेसिंगराव वाड्याच्या माडीवरून पडून गेले. मग चौथा भाऊ मानाजी, पुन्हा नजर. १७९३ मध्ये मानाजी वारले, तेव्हा कुठे गोविंदरावांचा नंबर पुन्हा लागला आणि त्यांनाही जबर अटी कबूल कराव्या लागल्या. मधल्या बावीस वर्षांतली बहुतेक वर्षं त्यांनी या एका शब्दाची वाट पाहिली, आणि मिळाल्यावर जेमतेम सात वर्षं उपभोगला. १८०० मध्ये ते गेले.

हे वाचताना मी वहीत नुसती नावं आणि सालं लिहीत गेले. एक पान भरलं. वारसाहक्क म्हणतात तो हा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पारनाक्यावरून

आंग्र्यांकडेही हेच झालं, मी अलिबागचा म्हणून सांगतो. कान्होजींनी १७१३ मध्ये पेशवे बहिरोपंत पिंगळ्यांनाच पकडून ठेवलं होतं. बाळाजी विश्वनाथांनी समेट घडवला, कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि सरखेल हा किताब त्यांच्याकडे राहिला. १७२९ ला ते वारले. थोरले सेखोजी सरखेल झाले, पण ते १७३३ मध्येच गेले. मग संभाजी आणि मानाजी या भावांत जुंपली. बाजीरावांनी १७३५ मध्ये घर वाटून दिलं. विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाच्या बाजूला संभाजी, त्यांना सरखेल. कुलाब्याला मानाजी, त्यांच्यासाठी ‘वजारतमाआब’ हा वेगळा किताब. एक शब्द दोघांना देता येत नाही म्हणून दुसरा शब्द काढला!

संभाजींनंतर तुळाजी सरखेल. १७५६ ला पेशवे आणि इंग्रज मिळून विजयदुर्गावर गेले, आरमार जळालं, तुळाजी कैदेतच संपले. आज अलिबागेत कान्होजींच्या समाधीवर जाणाऱ्या प्रत्येकाला सरखेल ठाऊक आहे. वजारतमाआब विचारलं तर गावातही थोडेच सांगतील.

वर्धाकाठ

नागपूरचं घ्या. पहिले रघूजी १७५५ ला गेले. जानोजी आणि मुधोजी या मुलांत तंटा. तोड अशी : जानोजी सेनासाहेबसुभा, मुधोजींना चांद्याचा मुलूख आणि ‘सेनाधुरंधर’. पारनाक्यावरूनच्या प्रतिसादात जी युक्ती आहे ती हीच. जानोजींना मूल नव्हतं, त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी दत्तक घेतला होता. १७७२ ला जानोजी गेल्यावर तिसरे भाऊ साबाजी पुण्याहून सेनासाहेबसुभा मिळवून बसले. शेवटी २६ जानेवारी १७७५ ला पाचगावला सख्खे भाऊ लढाईत भिडले आणि साबाजी मुधोजींच्या गोळीने पडले. नागपूरहून उमरेडच्या रस्त्याला लागलं की हे पाचगाव लागतं. दर वेळी तिथून जाताना मला ते आठवतं.

एक सदस्य

धागा उत्तम, पण मुख्य मुद्द्याशी मी असहमत आहे. १७६८ नंतरचे चारही दावेदार दमाजींचेच मुलगे होते ना? पुण्याने कितीही पैसे उकळले तरी किताब घराबाहेरच्या कुणाला दिला का? नाही. घर पक्कं होतं, फक्त माणूस ठरायचा होता. यालाच वंशपरंपरा म्हणतात. मग नजर म्हणजे किताबाची किंमत नव्हे, वारशाची नोंद करून घ्यायचा आकार. आजही वडिलांचं घर नावावर करताना पैसे भरावे लागतात, म्हणून कुणी ते घर विकत घेतलं असं म्हणत नाही.

मांडवीकर

तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे, दोन दिवस त्यावर विचार करत होते. घराबाबत तुमचं बरोबर. पण वडिलांच्या घराची नोंद करायला गेल्यावर कचेरीतला माणूस असं म्हणत नाही, की तुमच्या भावाने जास्त कबूल केलंय, घर त्याचं. नोंदीचा आकार सगळ्यांना सारखा असतो. इथे दर खेपेला रक्कम नवी, अट नवी, आणि निवाडा पुण्यात कोण वरचढ यावर. रामशास्त्र्यांचा अभिप्राय हा त्या सगळ्या काळातला धर्मशास्त्र बघून दिलेला एकच निर्णय मला सापडला. तोही टिकला तीन वर्षं.

म्हणून मी माझं वाक्य थोडं बदलते : किताब घराण्याचा होता, माणसाचा नव्हता. माणसाला तो दर वेळी नव्याने कमवावा लागला.

उमरावती

एक शंका. बाजीराव-मस्तानीचा मुलगा समशेर बहाद्दर, त्याचा या किताबाशी काही संबंध?

बोरूबहाद्दर

नाही. ते त्याचं नाव. तो १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन त्यातच गेला, त्याचा वंश पुढे बांद्याचे नवाब म्हणून राहिला. गायकवाडांचा किताब त्याच्या जन्माच्याही आधीचा आहे. जुन्या पत्रात नुसतं ‘समशेर बहाद्दर’ आलं की साल आणि प्रांत बघूनच अर्थ लावावा लागतो. माझी स्वतःची सुरुवातीला एकदा चूक झाली होती.

टेम्सकाठचा

मी इंग्लंडात राहतो. इथल्या जुन्या वर्तमानपत्रांत बडोद्याच्या महाराजांचा उल्लेख नुसता ‘द गायकवाड’ असा येतो, जणू ‘गायकवाड’ हीच पदवी. १९११ च्या दिल्ली दरबारात तिसऱ्या सयाजीरावांनी पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववली आणि पाठ फिरवून गेले, त्या गदारोळाच्या बातम्यांतही हेच. मुळात हे दावडीच्या पाटलांचं आडनाव. गाईंना कवाडाआड घेऊन वाचवलं म्हणून गायकवाड, असं घराण्यात सांगतात. इंग्रजांनी आडनावाचा किताब केला आणि खरा किताब शिक्क्यात राहिला. मला इथे कुणी विचारलं की मी आधी हे समजावून सांगतो.

मांडवीकर

हे मला सुचलंच नव्हतं, किती बरोबर निरीक्षण आहे!

थोडं शेवटच्या काळाबद्दल. जून १८१७ च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी गायकवाडांवरचा हक्क सोडला, आणि वर्षभरात पेशवाईच गेली. वस्त्रं देणारं पुणं उरलं नाही. पण किताब उरला. पुढच्या प्रत्येक महाराजांनी तो लावला, नाण्यांवर पाडला. आता मान्यता कलकत्त्याच्या इंग्रज सरकारची लागायची. १८७५ मध्ये इंग्रजांनी मल्हाररावांना गादीवरून काढलं आणि आधीचे महाराज खंडेराव गायकवाड यांच्या विधवा राणी जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली. नाशिककडच्या कवळाण्याहून शेतकरी गायकवाडांची मुलं आणली, त्यांतला बारा वर्षांचा गोपाळ निवडला. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं आणि तो सयाजीराव झाला. म्हणजे दमाजींनी बाळापूरला मिळवलेला शब्द दीडशे वर्षांनी पुन्हा एका शेतावरच्या मुलाच्या नावाआधी आला. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रजांनी त्यांना ‘फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया’ दिला, इंग्रज सरकारचा खास पुत्र. तो सगळ्यांच्या आधी लागायचा, पण आमच्या दांडिया बाजारात तो कुणी म्हटलेला मी ऐकला नाही. आजोबा ‘सेनाखासखेल’पासूनच सुरुवात करायचे.

१ मे १९४९ ला बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ च्या घटनादुरुस्तीने सरकारदरबारची उरलीसुरली मान्यताही गेली.

तळेगावचा पावसाळा

ताई, रुपया मल्हाररावांचा आहे म्हणता. त्यांना पदच्युत केल्यावरही लोकांनी तो ठेवला, वितळवला नाही, हे मला विशेष वाटतं.

मांडवीकर

आजीला तो कुणाचा हे माहीतच नव्हतं, दादा. तिच्या सासूबाईंना कदाचित असेल. परवा फोनवर मी आईला सगळं सांगितलं : मल्हारराव, पिलाजी, उमाबाई, पन्नास लाख. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग यंदा पूजेच्या वेळी नातीला काय सांगायचं, मागा की मल्हारराव? मी म्हटलं, दोन्ही सांग. आधी मागू दे, मग तलवार दाखव.